दहाव्या खंडातले पोरकिडे

चार्ल्स्टन, साउथ कॅरोलायना
रविवार

ती. अक्कास,


आम्ही सगळे खुशाल. ह्यांचा गुडघा बरा आहे, चिरंजीवांची भूक उत्तम आहे, अभ्यासाचं विचारू नकोस. पत्राला कारण वेगळंच. घरात भांडण पेटलंय, आणि ते पैशावरून नाही, माहेरावरूनही नाही, एका कादंबरीवरून. निवाडा तू करायचास.

रॉबर्ट जॉर्डन हे लेखक आमच्या ह्याच गावचे. व्हिएतनामच्या युद्धात लढून आले, इथल्या सिटाडेल कॉलेजात फिजिक्स शिकले, नौदलासाठी अणुअभियंता म्हणून काम केलं आणि पुढे १९९० पासून ‘द व्हील ऑफ टाइम’ ही कादंबरीमाला काढली. कालचक्र फिरतं, युगं उलटतात, तोच वीर पुन्हा जन्म घेतो. आपल्याला हे समजायला शेवटची शब्दसूची उघडावी लागत नाही. माला चौदा खंडांची. त्यातला दहावा, २००३ साली आलेला ‘क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट’, मी नुकताच संपवला.

चिरंजीव म्हणाला, “आई, हा सोडून पुढे जा. ह्यात काहीच घडत नाही.” ह्यांनी मान डोलावली. ह्यांनी पहिला खंडही पुरा केलेला नाही, पण मान डोलावण्यात ह्यांचा हात कोणी धरू शकत नाही.

आता खरं ते खरं. पुस्तक साडेसहाशे पानांच्या वर. नांदीच एवढी लांब की सूत्रधार दमून खाली बसावा. त्यात जॉर्डनसाहेबांनी एक अजब खेळ केलाय. नवव्या खंडाच्या शेवटी नायक रँड फार मोठा पराक्रम करतो. पुरुषांच्या जादूला तीन हजार वर्षांहून अधिक काळ लागलेला मळ धुऊन काढतो. त्याचा प्रचंड लोळ शेकडो कोसांवरून जाणवतो. मग दहावा सुरू होतो तो त्या पराक्रमाच्या अलीकडून! एक पात्र तो लोळ जाणवून दचकतं, मग दुसरं, मग तिसरं. आळीतला ट्रान्सफॉर्मर फुटल्यावर जो तो गॅलरीत येऊन “काय झालं हो?” विचारतो आणि कोणालाच ठाऊक नसतं, अगदी तसं. स्वतः नायक जेमतेम तोंड दाखवून जातो.

पण अक्का, “काहीच घडत नाही” हे मला मान्य नाही. रँडचा मित्र पेरिन, त्याची बायको शत्रूनं पळवून नेलीय, तो सैन्य घेऊन तिच्या शोधात आहे. सैन्याला धान्य हवं म्हणून एका गावी जातो, तर गावात भुतं आणि पोत्यांत पोरकिडे! मग अख्खं धान्य उफणायला घ्यावं लागतं. आतापर्यंत ह्या मालेत किती फौजा आल्या नि गेल्या, त्या काय खात होत्या ह्याची मला सारखी काळजी. शेवटी एकदाचं कोणीतरी पोतं उघडून बघितलं. चिरंजीव म्हणतो हे प्रकरण कंटाळवाणं. बरोबर आहे, त्यानं जन्मात कधी तांदूळ निवडलाय?

दुसरीकडे एलेन. तिला राणी व्हायचंय, शहराला वेढा पडलाय आणि पोटात जुळं आहे. हिशेब ऐकते, भाडोत्री सैनिकांशी घासाघीस करते, उमरावांची मनं राखते, आणि सगळा राजवाडा तिच्या ताटात डोकावून हे खा, ते खाऊ नको सांगतो. बाळांचे वडील? जगाचा उद्धार करायला बाहेरगावी. हे वाचून दाखवलं तेव्हा ह्यांनी पेपर उघडला.

रँडचा दुसरा मित्र मॅट, त्याचा भाग सर्वांत झकास. तो एका फिरत्या सर्कशीत दडून भावी पत्नीची मनधरणी करतो, आणि ती बाई त्याला ‘टॉय’, म्हणजे चक्क खेळणं, अशी हाक मारते. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं.

चिरंजीवाचा आणखी एक मुद्दा: लेखकाची बायको हॅरिएट हीच त्यांची संपादक, तिनं कात्री चालवायला हवी होती. चालवावी, पण कुठे? एस सेडाई म्हणजे जादू जाणणाऱ्या बायका, त्यांच्या बैठका खुशाल निम्म्या कापा. कोणी कोणाकडे बघून नाक उडवलं, किती वेळा घागरा सारखा केला, हे मला पुरे झालं. पेरिनचं झुरणंही चार आणे कमी चाललं असतं. पण पोरकिड्यांना हात लावायचा नाही. त्याच हॅरिएटबाईंनी पुढे सगळा डोलारा सांभाळला, हेही विसरू नकोस. जॉर्डन २००७ मध्ये गेले, माला अपुरी. त्यांच्या टिपणांवरून पुरी करायला बाईंनी ब्रँडन सँडर्सन हा तरुण लेखक निवडला. उरलं होतं एक पुस्तक, त्याची तीन झाली, शेवटचं २०१३ साली आलं. आवराआवर म्हटली की काम वाढतंच.

तर माझं मत असं: माला सुरू करायची तर दहाव्यापासून करू नये, पण दहाव्यापर्यंत आलीस तर तो गाळू नये. लढाया सगळेच लिहितात, लढाईच्या आधीचा पसारा लिहायला जॉर्डनसाहेबांना एक अख्खा खंड लागला, आणि वाचकांनी त्यांनाच शिव्या घातल्या.

तुझा निकाल लवकर कळव. भाऊजींना विचारू नकोस, ते ह्यांचीच बाजू घेतील. अकरावा खंड काल हाती घेतला. त्यात म्हणे सगळं धावत सुटतं. धावू दे. त्या धावपळीत जेवायला कोण वाढतं, तेवढं बघून कळवते.

तुझी,
धाकटी