शंभर टक्के टाकेद

जुनी गाडी घेताना माणूस टायर बघतो, बॉनेट उघडून आतलं काही कळत असल्यासारखी मान हलवतो आणि आधीचे मालक किती, ते विचारतो. गाडीतला नकाशा कोणत्या सालचा, हे कोणी विचारत नाही. मीही विचारलं नाही. डॅशबोर्डात बसवलेला पडदा उजळला, त्यावर नाशिक दिसलं, गोदावरी निळीशार दिसली (इतकी निळी मी ती आयुष्यात पाहिलेली नाही) आणि मी व्यवहार पक्का केला.

पडद्यातली बाई हिंदीत बोलायची. आवाज गोड, स्वभाव ठाम, माहिती 2015 ची. उड्डाणपुलावर चढलो तरी तिला वाटायचं आपण खाली सर्व्हिस रोडलाच आहोत. मुंबई नाक्याच्या डोक्यावर असताना ती "अगले चौराहे से बाएँ मुड़िए" म्हणायची. तिचं ऐकलं असतं तर खालच्या रिक्षा स्टँडवर उतरलो असतो, पण चाकांवर नाही. शिर्डीला जाताना समृद्धी महामार्गावर चढलो, तेव्हा पडद्यावरचा रस्ता संपला आणि आमचा बाण सिन्नर तालुक्यातल्या वावरांतून ताशी शंभरच्या वेगानं धावू लागला. "अहो, कोणाचं तरी पीक असेल," मागून बायको म्हणाली.

एकट्या तिला नावं ठेवण्यात अर्थ नव्हता, कारण नाशिककरांच्या डोक्यातला नकाशा कुठे नवा आहे? मायको कंपनीचं नाव बदलून बॉश झालं 2008 साली; आमचं मायको सर्कल अजून मायको सर्कलच. सिडकोनं घरं बांधली, कारभार महापालिकेच्या हवाली केला, त्यालाही जमाना झाला. तिथले लोक अजून सिडकोतच राहतात. कॉलेज रोडवरून माणूस पाच मिनिटांत कॅनडा कॉर्नरला पोचतो, पासपोर्ट लागत नाही. दिशाभूल म्हणाल तर तिचीही इथली परंपरा मोठी आहे. सोन्याच्या हरणामागे प्रत्यक्ष रामचंद्र आडरानात गेले, ते पंचवटीतूनच.

या जुन्या नकाशाचं चालतंबोलतं रूप म्हणजे बायकोचे काका, नाना. एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर. त्यांना पत्ता विचारला की ते म्हणणार, "जकात नाक्याला डावीकडे वळायचं." जकात 2013 साली गेली, नाका उचलला, पण नाना तिथे आल्यावर आजही गाडी हळू करायला लावतात. त्यांच्या खुणा अशा सगळ्या स्वर्गवासी. पडद्यातली बाई आणि नाना एका गाडीत बसले की मला दोन वेगवेगळ्या शतकांतून गाडी हाकल्यासारखं वाटायचं.

शेवटी भाच्यानं नवा नकाशा पेनड्राइव्हवर उतरवून दिला आणि सोबत सूचनांचा कागद. पेनड्राइव्ह अमुकच पद्धतीनं फॉरमॅट केलेला हवा, नाहीतर गाडी ओळख दाखवत नाही. अपडेटला अंदाजे दोन तास. तोवर पडद्यावर नकाशा दिसणार नाही, फक्त टक्के दिसतील. आणि शेवटी, लाल रेघ मारून: काम पूर्ण होईपर्यंत इंजिन बंद करू नये.

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी सुरू करून बसलो. चार टक्क्यांना तळमजल्यावरचे जोशीकाका धुराबद्दल बोलून गेले. सहा टक्क्यांना नाना खाली आले. गाडी जागेवर उभी आणि इंजिन चालू, हे दृश्य एसटीच्या माणसाला बघवेना.

"जावईबापू, दोन तास डिझेल फुकट जाळणार?"

"पेट्रोल आहे, नाना."

"मग तर पापच! त्यापेक्षा टाकेदला जाऊन येऊ. देवदर्शनही होईल आणि तुमचं हे जे काय शिजतंय तेही शिजेल."

सर्वतीर्थ टाकेद इगतपुरी तालुक्यात. रावणाशी लढून जटायू पडला तो तिथे, अशी श्रद्धा. नानांनी नाशिक-टाकेद मुक्कामी गाडी अनेक वर्षं चालवलेली. नकाशा नसला तर काय बिघडलं, नाना आहेत, असं मी म्हणालो. हे वाक्य मी नंतर परत घेतलं, पण त्याला वेळ आहे.

नऊ टक्क्यांना मुंबई नाका आला. जिथे तिथे खोदलेलं, पत्रे लावलेले. नाशिक शहराचं अपडेट बारा वर्षांनी एकदा येतं. गुरू सिंह राशीत शिरायच्या सुमारास कुंभमेळ्यासाठी पूल, रस्ते, घाट सगळं एकदम हाती घेतात. मागचं 2015 चं, आता 2027 चं चालू आहे. टक्के मात्र कुठे दिसत नाहीत.

पांडवलेणी मागे पडली तेव्हा चौदा. विल्होळीला वीस. तिथे नानांनी पडद्याकडे बोट केलं. "हिला वरून दिसतं ना सगळं, उपग्रहातून? मग हिला समृद्धी कशी दिसली नाही?"

मी समजावलं, की उपग्रह काही बघत नसतो. वीस हजार किलोमीटरवरून तो फक्त आत्ता किती वाजले आणि तो स्वतः कुठे आहे एवढं सांगत राहतो. निदान चार उपग्रहांचं ऐकून, कोणाचा निरोप किती उशिरा आला त्यावरून गाडी आपली जागा काढते. त्या जागेवर रस्ता आहे की विहीर, हे त्या चौघांना ठाऊक नसतं. ते गाडीतल्या नकाशात असावं लागतं.

"म्हणजे वर नुसती घड्याळं टांगलीत?"

"तसंच काहीसं."

"आमच्या डेपोतही घड्याळ होतं," नाना म्हणाले. "गाडी उशिरा आहे एवढं कळायचं. कुठे आहे ते देवालाच माहीत."

सदतीसला गाडं अडलं. वाडीवऱ्हे गेलं, मुंढेगाव गेलं, सदतीस ते सदतीसच. बायको म्हणाली, माझ्या बीएडच्या निकालासारखं झालंय. घोटीत भाताच्या गिरण्यांजवळ नानांना चहा हवा होता. इंजिन चालू ठेवून मी आत बसलो आणि खिडकीतून कटिंग घेतला. येणारे जाणारे बघून जात होते. बँक लुटायला साथीदार आत गेलेत आणि हा बाहेर तयारीत बसलाय, असा एकूण देखावा. चहा संपता संपता एक्केचाळीस झाले. त्याच वेळी दुसरा एक दिवा लागला, पिवळा, पेट्रोलचा.

पंपावर गेलो. पोऱ्या नळी हातात घेऊन म्हणाला, "इंजिन बंद करा."

"बंद करता येत नाही."

"बिघडलंय?"

"नाही, सुधारतंय."

त्यानं नळी परत लावून टाकली. नानांनी खाली उतरून एसटीतल्या एकतीस वर्षांचा हवाला दिला. पोऱ्यानं भिंतीवरची पाटी दाखवली. त्याचंच बरोबर होतं. बंद करावं तर एक्केचाळीस टक्के मातीत आणि पडदा कायमचा काळा पडायची भीती. न करावं तर टाकी कोरडी. टाकेद काही लांब नाही, येताना भरू, असा ठराव झाला. एसी बंद केला.

घोटी-सिन्नर रस्त्याला लागलो. भाताची कापणी झालेली, वावरांत पेंढ्यांचे भारे, हवा स्वच्छ आणि उजव्या हाताला कळसूबाई शिखर उघडं. "ही आमची खूण," नाना खुलले. "टाकेदला जाताना कळसूबाई उजव्या हाताला ठेवायची. भरवीर आलं, की मोठा आंबा आहे, त्याच्याशी वळायचं."

भरवीर आलं. आंबा आला नाही. आंब्याच्या जागी, किंवा नानांच्या मते आंब्याच्या जागी, एक रुंद गुळगुळीत रस्ता डौलदार वळण घेऊन वर चढत होता.

"घ्या, घ्या!" नाना म्हणाले. "केवढा सुधारलाय रस्ता टाकेदचा!"

घेतला. पुढे टोलची कमान दिसली. बायकोला शंका आली. "टाकेदला टोल कसा?"

"तीर्थक्षेत्र आहे," नाना म्हणाले. "घेणारच."

आडवा दांडा वर गेला, आम्ही आत गेलो, दांडा खाली आला. समोर सहा पदरी सिमेंटचा रस्ता, मध्ये दुभाजक, दोन्ही बाजूंना कुंपण. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग, लांबी 701 किलोमीटर. नागपूर ते शिर्डी तो 2022 च्या डिसेंबरात सुरू झाला, पुढच्या मे महिन्यात भरवीरपर्यंत आला, मार्च 2024 मध्ये इगतपुरीपर्यंत आणि जून 2025 मध्ये आमण्यापर्यंत पोचून पुरा झाला. म्हणजे या रस्त्याचंही अपडेट टप्प्याटप्प्यानंच झालं. आम्ही नेमके त्यातल्या एका टप्प्याच्या तोंडाशी आत शिरलो होतो, हे मला तेव्हा कळलं नाही. पडद्यावर अठ्ठावन्न हा आकडा होता, बाकी काळोख.

पहिल्यांदा कळलं ते नानांना. ते खिडकीतून बाहेर बघत होते. एकाएकी ताठ झाले.

"जावईबापू, थांबा! कळसूबाई डाव्या हाताला आली!"

डोंगर जागा बदलत नाही, तेव्हा आम्हीच उलटे निघालो होतो, घोटीच्या दिशेनं परत, नि तेही वरच्या मजल्यावरून. मी मनाशी कबूल केलं, की सकाळपासून आमच्या गाडीत अचूक चाललेलं यंत्र एकच होतं, ते म्हणजे 1646 मीटर उंचीचा दगड.

या रस्त्यावर कुठेही वळता येत नाही. थांबता येत नाही. कोणाला विचारावं तर पायी माणूस नाही, सायकल नाही, पानटपरी नाही, झाडाखाली बसलेला म्हातारा नाही. पुढचं तोंड थेट इगतपुरी, पंचवीस किलोमीटर. ताशी 120 ची मुभा असलेल्या रस्त्यावर पेट्रोल पुरवत मी साठनं चाललो. ट्रकवाले मागे टाकताना वाकून बघत होते, गाडीत कोणी जिवंत आहे का म्हणून. पिवळा दिवा जळत होता. नाना गप्प होते. बायकोनं टक्के मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. सदुसष्ट, अडुसष्ट, जणू आकाशवाणीवरून धरणांचा साठा सांगतेय.

इगतपुरीला बाहेर पडलो. टोल गेलाच, पंचवीस किलोमीटर उलटं जाण्याचा. पंप दिसला तेव्हा त्र्याण्णव टक्के. आता मी शहाणा झालो होतो. नळीपासून लांब, हवा भरायच्या मशिनपाशी गाडी उभी केली आणि इंजिन चालू ठेवून वाट बघत बसलो. पंपावरच्यांनी कारण विचारलं. सांगितलं. मग हवावाला आला, चहावाला आला, दोन ट्रकचे क्लीनर आले. शहाण्णवला कोणीतरी म्हणालं, "पेट्रोल आधी संपतंय बघ." दुसऱ्यानं नाही म्हणून पैज लावली. सत्त्याण्णवला इंजिन एकदा खोकलं. अठ्ठ्याण्णव. नानांनी डोळे मिटले. नव्याण्णववर आकडा इतका वेळ थांबला, की बायको उतरून गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिली, का ते तिलाही सांगता येणार नाही.

शंभर. पडदा काळा झाला, पुन्हा उजळला आणि निळ्या गोदावरीसह अवघा नाशिक जिल्हा वर आला. त्यातून समृद्धीची जाड रेघ गेली होती आणि तिच्या टोकाशी आमचा बाण, अगदी रस्त्यावर. टाळ्या पडल्या. पैज हरलेल्यानं सगळ्यांना चहा पाजला. मी इंजिन बंद केलं. इतक्या तासांनी ती शांतता ऐकून कानाला दडे बसल्यासारखं झालं.

मग टाकी भरून बाईच्या सांगण्यावरून निघालो. तिनं घोटीवरून नेलं, भरवीरपाशी तो भुलवणारा चढ टाळला, पुढच्या साध्या वळणावर आत घातलं आणि टाकेदला आणून सोडलं. "आप अपनी मंज़िल पर पहुँच गए हैं." तिच्यावर एक शब्द न बोलता नाना उतरले.

टाकेदचं कुंड लहानसं आहे. जटायूला शेवटचं पाणी पाजायला रामानं सगळ्या तीर्थांना इथे बोलावलं, म्हणून सर्वतीर्थ. आम्ही पाणी डोळ्यांना लावलं. नाना जटायूपुढे बराच वेळ हात जोडून उभे होते.

"पंख तुटलेले, जीव चाललेला, तरी दिशा बरोबर सांगितली," ते म्हणाले. "दक्षिण." आणि थोड्या वेळानं, हळूच, "आंबा तोडला असेल हो त्यांनी. होता तिथे."

परतताना अंधार पडला. नाना आता पूर्ण फिरले होते. बाई बोलली की ते "अगदी बरोबर" म्हणायचे, आणि मी गिअर बदलायच्या आत वळायची आठवण करायचे. घोटी सोडताना बायकोनं पडद्यावरचं घराचं चित्र दाबलं. बाईनं मार्ग काढला. पाथर्डी फाट्याला ती म्हणाली उजवीकडे.

"उजवीकडे? आपण सरळ जातो."

"मुंबई नाक्याची खोदाखोद चुकवत असेल," नाना म्हणाले. "नवा नकाशा आहे. तिला जास्त कळतं. घ्या."

घेतलं. वडनेरचा रस्ता, अंधार, मग झाडी. देवळाली कॅम्पातल्या एका शांत गल्लीत, एका बंगल्याच्या फाटकासमोर तिनं आम्हाला थांबवलं.

"आप अपने घर पहुँच गए हैं."

तिघेही काही क्षण गप्प बसलो. मग आतून कुत्रं धावत आलं, भुंकत नाही, नुसतं शेपटी हलवत, आणि फाटकाच्या गजांतून नाक काढून आमच्या बंपरचा वास घेऊ लागलं. त्याच्या मागून मिशीवाले एक वृद्ध गृहस्थ टॉर्च घेऊन आले. टॉर्च नंबरप्लेटवर पडली, मडगार्डवरून फिरली.

"अरे! आमचीच की ही!" ते म्हणाले. "पोचा अजून तसाच ठेवलात?"

फाटक उघडलं तसं कुत्रं बाहेर सुटलं. बायकोनं उतरायला दार लोटलं होतं, त्यातून ते आत शिरलं आणि तिच्या शेजारी सीटवर, रोजच्या जागी बसावं तसं बसलं. मी माफी मागत होतो, घराचं चित्र, जुनी नोंद वगैरे समजावत होतो. नानांनी काच खाली केली.

"साहेब, कॉलेज रोडला जायचं होतं."

"सोपं आहे," गृहस्थ टॉर्चनं रस्ता दाखवत म्हणाले. "असेच सरळ जा. पुढे जकात नाका लागेल, तिथे डावीकडे."

नाना मान डोलावत होते. त्यांना सगळं नीट समजत होतं.