अण्णा मान खाली घालून का बसतात

"काय वं माय, अन्नाचं काही पैशापान्याचं झालं का? मी पाहू राह्यली, मान्साची मानच वर व्हत नाही."

जिजी मेंदीच्या कुंपणाला हात लावून उभ्या राहिल्या की समजायचं, गल्लीत बातमी आधीच फिरून आलेली आहे आणि आता फक्त शिक्का मारायचा बाकी आहे. या खेपेला तीन बातम्या होत्या. केळीच्या व्यापाऱ्यानं अण्णांचे पैसे बुडवले, ही पहिली. रावेरात ती कोणाच्याही नावावर खपते. मुलानं परस्पर लग्न उरकलं, ही दुसरी. तिसरी खास होती: अण्णांनी कुठल्याशा बाबाचा अनुग्रह घेतला, म्हणून दिवसभर जमिनीकडे बघत बसतात आणि मनगटाला हिरवा पट्टा बांधतात.

"जिजी, डोळ्याचं ऑपरेशन झालंय हो त्यांचं. जळगावला."

"मोतीबिंदूचं? त्याले कोन असं बसवतं? माह्या टायमाले मी दुसऱ्या दिशी भाकरी थापल्या व्हत्या."

मोतीबिंदू पुढच्या भिंगाचा. यांचं दुखणं मागचं, पडद्याचं. सुरुवात बागेतच झाली. ठिबकची सरळ नळी यांना मधेच कमरेत वाकलेली दिसायला लागली. आधी नळीच दोनदा ओढून नीट केली, मग गड्याला बोलले. पुढे घडाकडे पाहिलं की वरच्या फण्या दिसायच्या, खालच्या दिसायच्या, आणि नेमकं जिथे बघावं तिथे धूसर ठिपका. चष्मा बदलला, काही उपयोग झाला नाही. अखेर पडद्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की पडद्याच्या मधोमध, जिथून आपण वाचतो, सुईत दोरा ओवतो, माणसाचा चेहरा ओळखतो, तिथे छिद्र पडलंय. अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान.

"येवढुशा भोकासाठी येवढं?"

"तेवढ्याशाच जागेनं तर बघतो ना आपण."

मग सांगितलं त्यांना, मला समजलं तसं. डोळ्याच्या आत जेलीसारखा द्रव असतो. तो कापून काढतात, छिद्राच्या कडा ओढून धरणारा पातळ पापुद्रा सोलतात आणि आत वायू भरतात. त्या वायूचा बुडबुडा छिद्रावर टेकून राहिला की कडा कोरड्या राहतात आणि हळूहळू मिळून येतात. आता बुडबुडा जाणार कुठे? वर. जिजींच्या घरी नुकतंच गच्चीचं काम झालेलं, म्हणून म्हटलं, "तुमच्या गवंड्याची पाणसळ पाहिली ना? नळी कशीही धरा, बुडबुडा वरच्याच अंगाला पळतो. यांचं छिद्र डोळ्याच्या पाठच्या भिंतीला आहे. ती भिंत वर यायची तर तोंड जमिनीकडेच हवं."

जिजी क्षणभर गप्प. मग त्यांनी हुकमाचं पान काढलं.

"मंग तुमचा डॉक्टर चुकला. माह्या भावाच्या डोयातबी ग्यास भरला व्हता मुंबईले. त्याले तर ताठ बसवून ठेवलं, झोपतानाबी पाठीमांगे उशा लावून. अन् समोरच्या घरच्या आजीले एका कुशीवर झोपवलं. तिघाइच्या तीन तऱ्हा?"

खरं संकट हेच असतं. डोळ्याला अपाय करतो तो शेजारून उसना आणलेला सल्ला. जिजींच्या भावाचा पडदा वरच्या बाजूला फाटून सुटला होता. वरच्या फाटीला बुडबुडा टेकवायचा तर बसणंच बरोबर. फाट डाव्या अंगाला असेल तर उजव्या कुशीवर, उजव्या अंगाला असेल तर डाव्या. जिथे भोक, ती बाजू आभाळाकडे, एवढाच हिशेब. तिघांचे तिन्ही डॉक्टर बरोबर होते. आणि एक गोष्ट तिघांनाही सारखीच बजावलेली: उताणं झोपायचं नाही. उताणं झोपलं की वायू पुढे येऊन भिंगाला टेकतो. भिंग गढूळ होतं, डोळ्यातला दाबही चढू शकतो.

ऑपरेशन तासा-दीड तासाचं. बाकीचं ऑपरेशन आम्ही घरी केलं. अण्णांनी माळ्यावरची जुनी बाज काढली, डोक्याकडच्या दोऱ्या सैल करून तोंडापुरती जागा केली, कडेनं मऊ धडपा गुंडाळला. पालथे पडले की खाली फरशीवर मोबाइल, त्यावर बाजारभाव आणि कीर्तन. चहा बशीत नाही, स्ट्रॉनं. या माणसानं उभ्या जन्मात बशीशिवाय चहा घेतलेला नाही, पण उसाच्या रसवाल्याकडून नळ्यांचा जुडगा आणला आणि निमूट ओढायला लागले. जेवायला पाट, ताट मांडीच्याही खाली. वरणबट्टी या आसनात फार सोयीची पडते, कुस्करून ठेवलं की झालं. कळण्याची भाकरी मात्र छळते. डॉक्टरांनी सांगितली तेवढी सुटी तासातून घ्यायची, पाय हलवायचे, पोटऱ्या दाबायच्या. टेबलावर कोपर टेकून बसायचे तेव्हा करंगळीला मुंग्या आल्या. कोपरातून जाणारी शीर दबते म्हणे. मग कोपराखालीही उशी आली.

मानेपेक्षा अवघड निघाले पाहुणे. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला येतात ते त्याचं तोंड बघायला. दारातून हाक येते, "अण्णा, ओळखलं का?" आणि अण्णा मान उचलतात! जन्मभराची सवय, आलेल्याच्या तोंडाकडे न पाहणं म्हणजे अपमान. एका मामांनी तर हनुवटीला बोट लावून तोंड वर केलं, "बघू तरी डोळा कसा दिसतो." मी किंचाळलेच.

"कोनता मामा?" जिजींनी लगेच विचारलं. नाव सांगितलं नाही. पण त्यांना समजलं असणार.

माझ्या भाचीनं फोनवर वेगळंच काढलं. म्हणाली, आता परदेशात इतकं कडक पाळत नाहीत, लहान छिद्र असेल तर पालथं न राहताही भरून येतं. बरोबर आहे तिचं. पण मोठ्या छिद्रांवर लंडनच्या मूरफील्ड्स या डोळ्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चाचणीच घेतली. 2020 साली ती छापून आली. 400 मायक्रॉनच्या वरची मोठी छिद्रं असलेले रुग्ण. पालथं राहिलेल्यांत शंभरातल्या सुमारे 95 जणांची छिद्रं बुजली, समोर बघत बसलेल्यांत सुमारे 85 जणांची. आकडेशास्त्राच्या काटेकोर कसोटीला तो फरक पुरता उतरला नाही, असं ते स्वतःच लिहितात. पण यांचं छिद्र मोठ्यात मोडत होतं आणि त्या मधल्या दहांत आमचे अण्णा नकोत, असं मला वाटलं. भाचीला म्हटलं, तुझं वाचून झालं असेल तर डॉक्टरांशी बोल, माझ्याशी नको.

आणि कडक म्हणजे तरी काय? शंभर वर्षांपूर्वी पडदा सुटलेल्या माणसाला दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून महिनोन्‌महिने झोपवून ठेवत, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. एवढं करून बहुतेकांची नजर जायचीच. स्वित्झर्लंडात लोझानला ज्यूल गोनँ म्हणून डॉक्टर होते, त्यांनी 1920च्या सुमाराला दाखवून दिलं की पडदा सुटतो तो फाटीमुळे; फाट बुजवा, पडदा बसेल. अण्णांसारख्या मधल्या छिद्राला तर 1991पर्यंत इलाजच नव्हता. त्या वर्षी केली आणि वेंडेल या दोन अमेरिकी डॉक्टरांनी हीच रीत पहिल्यांदा छापली: द्रव काढा, वायू भरा, पालथं ठेवा.

जिजींना गोनँमध्ये रस नव्हता. त्यांचा डोळा हिरव्या पट्ट्यावर.

"मंग हे कोन्या बाबाचं?"

"दवाखान्याचं. आत वायू आहे असं लिहिलंय. मधे दुसरं काही दुखणं निघालं, बेशुद्ध झाले, तर भूल देणाऱ्याला समजायला हवं. नायट्रस ऑक्साइड दिला तर तो बुडबुड्यात शिरतो आणि डोळा आतून फुगतो. विमानात बसायचं नाही. आणि घाट चढायचा नाही."

"घाट?" इथे मात्र जिजी उजळल्या. "अवं, म्हनूनच त्याले सुरतवरून आनला!"

जिजींच्या भावाला मुंबईहून घरी आणायचं तर नेहमीची वाट कल्याण, कसारा, इगतपुरी. इगतपुरी सहाशे मीटरच्या आसपास उंच. तिथवर हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-सात टक्क्यांनी उतरतो, तेवढाच बुडबुडा फुगतो, आणि डोळ्याच्या बंद गोळ्याला फुगायला जागा नसते. डॉक्टरनं घाट नको म्हटल्यावर भाच्यानं डोकं चालवलं: सुरतमार्गे भुसावळ. नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव. सगळी वाट तापीच्या अंगानं, घाट नाही. घरचे तेव्हा या लांबच्या फेऱ्यावर कुरकुरले होते. जिजी स्वतःही. आज पहिल्यांदा त्यांना त्या तिकिटाचा अर्थ लागला. आम्हालाही नाशिकच्या लग्नाचं बोलावणं आहे, पण नाशिकही तेवढंच उंच. पालला हवा बदलायला न्या म्हणणाऱ्यांना, तिथे जायलाही सातपुडा चढावा लागतो, हे कोणी सांगायचं? वायूच्या जातीप्रमाणे दोन आठवडे ते दोन महिने तो डोळ्यात राहतो आणि मग आपोआप विरतो. समोरच्या आजीला वायूऐवजी सिलिकॉनचं तेल भरलं होतं. त्याला घाटाचं भय नाही, पण ते काढायला दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागतं.

"अन् दिसतं का आता त्याइले?"

पहिले काही दिवस नुसता हात हलल्यासारखं. मग वरून एक पट्टी उघडली. खाली पाणी हिंदकळतं म्हणाले. बुडबुडा असतो वर, दिसतो मात्र खाली, कारण पडद्यावर चित्र उलटं पडतं. रोज ती रेघ थोडी खाली सरकते. काल अण्णांनी मला हाका मारून बोलावलं, रेघेच्या वरून माझं कपाळ दिसलं म्हणून. पस्तीस वर्षांच्या संसारात कपाळाचं एवढं कौतुक पहिल्यांदाच.

"मी सांगते समद्याइले," जिजी निघाल्या. "कोनी आता त्याइची मान वर करनार नाही. अन् डोया दुखला, लाल झाला, तर रात्रीबी हाक मार, पोराची गाडी हाये."

दहाच मिनिटांनी पलीकडच्या ओट्यावरून त्यांचा आवाज आला. "बाबा-बिबा काही नाही वं. अन्नाच्या डोयात पानसय बसोली हाये. वर पाह्यलं का लेव्हल जाते."