कॉक फिरवणाऱ्यांसाठी पहिला धडा

सोयगावच्या शिवारात कपाशीला ठिबकवर पाणी द्यायचं असेल, तर मोटर नंतर शिका. आधी कॉक शिका. बांधावर पाइपातून लाल दांडीचं जे डोकं वर आलेलं दिसतं, तो कॉक. दांडी पाइपाच्या रेषेत असली की पाणी चालू, आडवी असली की बंद. इंग्रजीची एवढी शिदोरी पुरते.

तरी कुणी खोदून विचारलंच, तर सांगा की कॉक म्हणजे कोंबडा. आपल्या ‘कुकूच कू’सारखंच इंग्रजांनी आवाजावरून त्याचं नाव पाडलं. तो तोटीत कसा शिरला यावर जाणत्यांचं एकमत नाही. जुन्या तोटीची चावी तुऱ्यासारखी दिसायची, हे मला पटतं. जर्मनांकडेही कोंबडा आणि तोटी दोघांना ‘हान’च म्हणतात. डचांनी मात्र क्रौंच पक्षी धरला आणि तोटीला ‘क्रान’ केलं. इंग्रजांनी त्याच क्रौंचाला ओझी उचलायला लावलं. विहीर खोदताना आपल्याकडे येते ती क्रेन, तीच.

बंदुकीवर कोंबडा बसवला इंग्रजांनी, आपण तिथे घोडा बांधला. कॉकपिट म्हणजे मुळात कोंबड्यांच्या झुंजीचा खड्डा. आता तिथे वैमानिक बसतो. बॅडमिंटनच्या शटलकॉकला 16 पिसं असतात, तीही हंसाची नाहीतर बदकाची. कोंबड्याचं फक्त नाव! (हंस पाहायचेच असतील तर आपल्याच तालुक्यात, अजिंठ्याच्या 2 नंबरच्या लेण्यात रंगवलेत. तिकीट काढा.)

आता कामाचं. एका वाफ्याचं पाणी दुसरीकडे वळवताना आधी नवा कॉक उघडा, मगच जुना बंद करा. मी एकदा उलटं केलं. मोटर चालू, दोन्ही कॉक बंद, वेळ रात्री दोनची. सांध्यातून पाइप असा उडाला की अर्ध्या एकराची माती माझ्या अंगावर. थ्री-फेज लाइट बऱ्याचदा रात्रीची मिळते, त्यामुळे हा धडा बरेच जण अंधारातच गिरवतात.

शेवटची सूचना. इंग्रजी शाळेतल्या भाच्यासमोर ‘मामाचा कॉक गळतोय’ असं मोठ्यानं म्हणू नका. तो खुदकन हसेल. का हसला, ते विचारू नका. हातात बॅटरी द्या आणि सहा नंबरच्या कॉकवर पाठवा.