ऱ्हाईनचा वतनदार

नोव्हेंबर ते मार्च या काळात बाझलकर रस्त्यात भेटला तर ‘कसं काय?’ एवढं विचारून सटकावं. थांबलात की सायनस, गुडघे, दुपारी साडेचारला होणारा अंधार, पाळणाघराचं बिल आणि ‘पुढच्या वर्षी परत जायचं म्हणजे जायचंच’ हे सगळं त्याच क्रमाने ऐकावं लागतं. मग मे महिन्यात एके दिवशी पारा पंचविशीला टेकतो आणि हाच गृहस्थ ट्रामच्या थांब्यावर गॉगल लावून, हाफ पँटीत, प्रसन्न उभा असतो. ‘बघितलंस वेदर?’ हे तो अशा थाटात विचारतो, की पहाटे उठून ते ऊन त्यानेच घातलंय अशी आपली समजूत व्हावी.

बाझल हे स्वित्झर्लंडच्या वायव्य कोपऱ्यातलं, जर्मनी आणि फ्रान्सच्या हद्दींना खेटून बसलेलं गाव. वस्ती पावणेदोन लाखांच्या आसपास. रोश आणि नोव्हार्टिस या दोन बड्या औषध कंपन्यांची मुख्यालयं इथलीच, त्यामुळे औषधांच्या आणि त्यांच्या संगणकांच्या पाठोपाठ मराठी माणूस इथे आला. आला तो दोन वर्षांच्या बोलीवर. आता त्याची मुलगी तिसरीत आहे आणि मैत्रिणींशी बाझलच्या बोलीत भांडते, ते त्याला अजून कळत नाही. मूळचा तो पुण्याचा. तिथे एप्रिल-मेमध्ये पडदे ओढून, पंखा पाचवर ठेवून आडवा होणारा, दुपारी घराबाहेर पडणाऱ्याची अक्कल काढणारा, आणि मुठेच्या पुलावरून स्कूटरवर जाताना नाकाला रुमाल लावणारा. नदी म्हणजे काय, तर लवकर ओलांडायची गोष्ट, एवढाच त्याचा नदीशी संबंध.

तोच माणूस आता जूनपासून रोज संध्याकाळी पाच वाजता ऱ्हाईनमध्ये असतो.

हे सोपं काम नाही. त्यासाठी आधी विकलफिश लागतो. ही बाझलमध्येच निघालेली, माशाच्या आकाराची, भडक रंगाची प्लॅस्टिकची पिशवी. ऑफिसचे कपडे, बूट, फोन, किल्ल्या असं सगळं तिच्यात कोंबायचं, थोडी हवा राहू द्यायची आणि तोंड घट्ट गुंडाळून हूक लावायचा. बाझलकर हे गुंडाळणं मोठ्याने मोजतो. सात वळसे. सहा चालत नाहीत. शेजारी एखादा अस्सल बाझलवासी पाच-सहा वळशांत उरकून पाण्यात शिरताना दिसला तर बाझलकर मान हलवतो. ‘ह्यांना काही सांगायची सोय नाही,’ असं तो मराठीत म्हणतो. स्वतःच्या पिशवीला मात्र सातव्या वळशानंतर वर एक रबरबँड लावतो. तो पुण्याहून आणलेला असतो.

मग टिंग्वेली म्युझियमच्या बाजूने पाण्यात उतरायचं. पोहायचं ते उजव्या काठानेच, बोयांच्या आत. पलीकडून मालवाहू जहाजं जातात. पुलांच्या खांबांपासून लांब राहायचं. हे नियम प्रशासनाने केलेले आहेत, पण बाझलकर ते आपल्याच घराण्यात चालत आलेले असावेत तसे सांगतो. पोहणं असं फारसं करावं लागतच नाही. पिशवी छातीशी धरायची आणि नदीच्या हवाली व्हायचं. ऑफिसची शिणलेली मंडळी, आज्या, शाळकरी पोरं असे सगळे हारीने वाहत जातात. डावीकडे उंच काठावर मोठं कॅथेड्रल सरकत जातं. झुरिकच्या मराठी मंडळींशी त्याचा जो कायमचा वाद आहे तो इथलाच. त्यांच्याकडे तळं आहे. ‘तळ्यात हातपाय तुम्हालाच मारावे लागतात,’ बाझलकर म्हणतो, ‘आमच्याकडे नदी मारते.’ या युक्तिवादावर झुरिककराकडे उत्तर नसतं. तो पगाराचा विषय काढतो.

पण प्रवाहाची एक अडचण आहे. तिथे सगळ्यांचा वेग एक असतो. एकदा का विभागप्रमुख शेजारी तरंगत आले की पुढचे दोन पूल सुटका नाही. हात मारून पुढे जावं तर उद्धटपणा, मागे राहावं तर दमलाय असं वाटायचं. कचेरीत वर्षभर ‘सुप्रभात’ आणि ‘शुभ शनिवार-रविवार’ यापलीकडे न गेलेले हे गृहस्थ नुसतं डोकं पाण्याबाहेर ठेवून स्वतःच्या घटस्फोटाबद्दल, मुलाच्या गिटारबद्दल, कंबरेच्या दुखण्याबद्दल मनमोकळं बोलतात. बाझलकर नारिंगी माशाला कवटाळून ‘हो ना, हो ना’ करत राहतो. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये भेट होते तेव्हा दोघेही कपड्यांत असल्यामुळे पुन्हा ‘सुप्रभात’. इथल्या लोकांची मैत्री कुठल्या तपमानाला होते याचा हा हिशोब मला वाटतं त्यालाच पहिल्यांदा उमगला असावा. निदान तो तसं सांगतो.

नवख्याला तो नदीचा इतिहासही पाण्यातच ऐकवतो. 1 नोव्हेंबर 1986 ला गावाच्या वरच्या अंगाला श्वाइत्सरहाल्ले इथे सँडोझ कंपनीच्या रसायनांच्या गोदामाला आग लागली. ती विझवायला मारलेलं पाणी कीटकनाशकं आणि रंग घेऊन नदीत उतरलं, ऱ्हाईन लाल झाली आणि खाली कितीतरी किलोमीटरपर्यंत वाम मासे मेले. त्या धक्क्यातून नदीकाठच्या देशांनी मिळून नदी साफ करायला घेतली. ‘आणि आज बघ!’ असं म्हणून तो नेमकं त्या वेळी तोंडात गेलेलं पाणी मोठ्या विश्वासाने गिळतो. मुठेचा विषय आपण काढू नये. तो गप्प होतो, आणि वाहता वाहता गप्प झालेला माणूस बघवत नाही.

बाझलकराच्या उन्हाळ्याचा दुसरा अंक म्हणजे आईबाबा. नव्वद दिवसांचा व्हिसा, दोन बॅगांत मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, आणि एका बॅगेचं चाक मुंबई विमानतळावरच निखळलेलं. बाबा गणिताचे निवृत्त शिक्षक. पहिल्या शनिवारी आईने शाहरुख आणि काजोलचा तो पुतळा बघायचाय असं जाहीर केलं. टिटलिसच्या बर्फात त्या दोघांचा पुठ्ठ्याचा जोड उभा आहे, हे तिला नणंदेकडून कळलं होतं. ‘आई, ते टुरिस्ट लोकांसाठी असतं गं,’ बाझलकर कळवळून म्हणाला. ‘मग मी कोण आहे?’ आईने विचारलं. गेले. फोटोत तो शाहरुखच्या पलीकडे, गॉगल लावून, आपण यांच्यातले नाही अशा चेहऱ्याने उभा आहे. बायकोने तो फोटो सगळ्या ग्रुपांवर टाकला.

गावातली स्थळं त्याने स्वतः निवडलेली. कॅथेड्रलच्या ओवरीत याकोब बेर्नूली या गणितज्ञाची स्मृतिशिला आहे. मृत्यू 1705 चा. आपल्या शिळेवर लॉगॅरिदमिक सर्पिल कोरावं अशी या माणसाची इच्छा होती. ते कितीही वाढलं तरी आकाराने तेच राहतं, म्हणून त्याचं त्याला फार कौतुक. बाझलकर हे आठवून आठवून सांगत होता. बाबा चष्मा कपाळावर ढकलून शिळेच्या तळाशी वाकले. अंगठा आणि तर्जनी यांच्यात त्यांनी एका वळशाचं अंतर धरलं, तीच चिमूट बाहेरच्या वळशावर नेली. पुन्हा आतल्या. पुन्हा बाहेरच्या.

‘अरे, हे चुकलंय.’

‘काय चुकलंय, बाबा?’

‘अंतर सारखंच आहे. बाहेर जाताना वाढायला हवं. हे आर्किमिडीजचं सर्पिल आहे. पाथरवटाने भलतंच कोरलं.’

आणि खरोखरच तसं आहे. ही चूक जगातल्या गणितवाल्यांत प्रसिद्ध आहे; बाझलकराला तेवढी ठाऊक नव्हती. बाबांचा पुढचा सगळा मुक्काम या एका शोधावर सुखाचा झाला. ट्राम मिनिटावर आली, रस्ता आरशासारखा दिसला, कुणी कौतुक केलं, की ते शांतपणे म्हणत, ‘असेल. पण त्या शिळेचं बघा.’ तीनशे वर्षांपूर्वीच्या एका पाथरवटाने पुण्याच्या एका निवृत्त शिक्षकाला एवढा आत्मविश्वास दिला असेल हे त्या बिचाऱ्याच्या ध्यानीमनीही नसणार.

नदीवरच्या नावेने मात्र बाबांना जिंकलं. गावात अशा चार नावा आहेत आणि त्यांना इंजिन नाही. काठापासून काठापर्यंत वर एक तार ओढलेली, तिच्यावर फिरणाऱ्या चाकाला नाव दोराने बांधलेली. नावाडी तिला नुसता तिरका कोन देतो आणि वाहतं पाणीच तिला आडवं ढकलत पैलतीराला नेतं. बाबा त्या दिवशी काही फेऱ्या नुसते बसून राहिले. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर चमचा, दोरा आणि वरणाची वाटी यांच्या मदतीने बलाचे घटक नातीला समजावून झाले. बाझलकर इतकी वर्षं त्या नावेतून जात होता. ती कशी चालते हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. त्याने फक्त तिचे फोटो काढले होते.

आईची कुचंबणा वेगळी होती. जूनअखेर इथे सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो. मग दिवेलागण कधी करायची? सातला निरांजन लावलं तर खिडकीतून ऊन देव्हाऱ्यावर येतं आणि ज्योत दिसत नाही. सूर्यास्ताची वाट पाहिली तर बाबांच्या आठच्या जेवणाचं काय? शेवटी घड्याळ पाहून पुण्याच्या सातला निरांजन लावायचं ठरलं. पुण्याचे सात म्हणजे इथे दुपारचे साडेतीन. नात तेव्हाच शाळेतून यायची, तिला फार आवडलं.

मग जुलैत पारा पस्तिशीला गेला आणि बाझलकराच्या वतनाला पहिला तडा पडला. इथल्या घरांत एसी नसतो. भिंती जाड, त्या थंडीसाठी बांधलेल्या. एकदा तापल्या की पहाटेपर्यंत आतली माणसं भाजतात. सकाळीच बाहेरच्या झडपा पाडून घर काळोखं करायचं, हा इथला उपाय. दुकानांतले पंखे संपलेले. ‘आपल्याकडे बेडरूमला दीड टनाचा आहे,’ असं बाबा अंधारात कुणाला उद्देशून न बोलता म्हणाले. पडदे ओढून दुपारी आडवा पडलेला बाझलकर त्या दिवशी पुन्हा अगदी पुण्याचा दिसत होता. एक पंखा होता, तो बाबांकडे फिरवलेला.

आईने या संकटातून स्वतःच वाट काढली. गावात चौकाचौकांत दगडी कारंजी आहेत, पाणी पिण्याजोगं वाहतं, आणि उकाडा वाढला की लोक सरळ त्यांच्या कुंडांत उतरून बसतात. दुसऱ्या दिवशी आई सापडली ती कोपऱ्यावरच्या कुंडाच्या कठड्यावर, पातळ घोट्यांच्या वर धरून, पाय पाण्यात. शेजारी दोन स्विस आज्या. भाषा कुणाची कुणाला येत नव्हती. मध्ये कागदाच्या पिशवीत आसपासच्या खेड्यांतल्या काळ्या चेरी होत्या, बिया मोजून एका बाजूला रचल्या होत्या. बाझलकर तिथून चार वेळा गेला. ‘तू घरी जा,’ आईने सांगितलं.

बाकी उन्हाळा म्हणजे शनिवारची आठ नंबरची ट्राम. ती हद्द ओलांडून जर्मनीतल्या वाइल आम ऱ्हाईनला जाते आणि अर्धं बाझल तिच्यातून स्वस्त दूध-दही आणायला जातं. कस्टमच्या खिडकीशी शिक्क्यासाठी ती रांग. जर्मन विक्रीकर परत मिळवायला पावती पन्नास युरोंच्या वर हवी, आणि स्विस बाजूला करमाफीची मर्यादा 2025 पासून माणशी तीनशे फ्रँकांवरून दीडशेवर आलेली. या दोन आकड्यांच्या मधून बाझलकर अशी खरेदी काढतो की हिशोब बघून बाबांनाही मुलाचा अभिमान वाटला. त्यातल्या वाचलेल्या पैशांचं आइस्क्रीम बाझलला येऊन खाल्लं जातं, आणि तिथे ते सगळे जातात.

आईबाबा परत गेले. ऑगस्टच्या शेवटाला हवा फिरली, नदीचं पाणी अठरावर आलं. काठावर गर्दी विरळ. बाझलकर तरीही येतो. गेल्या आठवड्यात त्याच्याबरोबर कोथरूडहून नुकताच उतरलेला एक मुलगा होता. हातात कोरा विकलफिश, अंगावर काटा.

‘पाणी कसंय, दादा?’

‘एकदम मस्त,’ बाझलकर म्हणाला. त्याचे दात वाजत होते. ‘वळसे मोज. सात.’

मुलाने मोजले, डोळे मिटले आणि शिरला. पहिल्या पुलाखाली त्याचा आवाज फुटला. ‘दादा, आपले कपडे पिशवीत आहेत ते ठीक. पण परत कसं जायचं?’

‘अनवाणी,’ बाझलकर पुढून ओरडला. ‘आणि ते डावीकडून येतायत ना, ते तुझे विभागप्रमुख. हात हलव!’