वर्ष एक, पुन्हा

सत्ता हाती आली की आधी भिंतीवरचं कॅलेंडर खुपतं. शिवाजी महाराजांनी 1674 मध्ये राज्याभिषेक शक सुरू केला. तो निदान कागदोपत्री चालला तरी. फ्रान्समधल्या क्रांतिकारकांनी 1792 पासून 'वर्ष एक' धरलं आणि सुट्टी सातव्याऐवजी दहाव्या दिवशी नेली. एवढी क्रांती कोणाला झेपणार? 1806 उजाडताच नेपोलियनने ते प्रकरण गुंडाळलं.

आपण शहाणे. मेघनाद साहांच्या समितीने देशभरातली पंचांगं धुंडाळली आणि 22 मार्च 1957 पासून सरकारी शके 1879 लागू झाला. नव्या देशाचा नवा आरंभ थेट इसवी सन 78 मध्ये! त्यातही सरकारी चैत्र ठरल्या तारखेला, घरची गुढी मात्र तिथी बघून. शक एक, पाडवे दोन.

राजपत्रावर ही तारीख इमानेइतबारे छापली जाते. ती तारीख घातलेला चेक स्वीकारा, असं रिझर्व्ह बँकेनेही बँकांना बजावलंय. तेव्हा खुशाल '10 पौष 1947' लिहून बघा. काउंटरपलीकडून चष्म्यावरून प्रश्न येईल, "काका, चेकची मुदत तीन महिने. हा स्वातंत्र्याच्या वर्षीचा आत्ता आणताय होय?"