हवा कमी कराचं यंत्र

आमच्या भागात कमी केलेली गोष्ट विकत घ्यायची पद्धत नाही. चहात साखर फुल्ल, काळीपिवळीत माणसं फुल्ल, वरातीत डीजे फुल्ल, आणि रात्री-बेरात्री लाईन आली की ओलिताचं पाणीही फुल्ल. कमी म्हणून जे काही मिळतं ते सोयाबीनच्या भावात आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मिठात, आणि दोन्ही नाइलाजानं. अशा गावात एअर प्रेशर रेग्युलेटर आणणं सोपं आहे. तो कशाला आणला हे घरात सांगणं अवघड.

आमचं केनवड रिसोड तालुक्यात, मालेगाव-मेहकर रस्त्यावर. रस्त्यावरचं गाव म्हटलं की हवा भरणारा असतोच. 11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि लांबच्या गाड्या तिकडं वळायला लागल्या. तेव्हापासून टायरवाल्यांपाशी गप्पा मारायला भरपूर वेळ असतो. पाऊंड, बार, व्हॉल्व्ह, निपल हे माझं सगळं शिक्षण तिथल्या फुटक्या टायरवर बसून झालेलं आहे.

कॉम्प्रेसर घेतला तोपर्यंत घरात कोणाची हरकत नव्हती. एक हॉर्सपॉवरचा, पट्ट्यावर चालणारा, पन्नास लिटरची टाकी, सिंगल फेजवर फिरणारा. पोळ्याआधी ट्रॉली रंगवायची होती, फाटकाची ग्रील रंगवायची होती, आणि हंगामात मळणीयंत्राच्या सांदीकोपऱ्यातलं भुसकट उडवायला हवा लागतेच. पण आबांच्या डोळ्यांपुढचा कॉम्प्रेसर वेगळा. विहीर खोदताना ट्रॅक्टरवर बसून येतो तो. आमच्याकडं चार हात माती गेली की खाली काळा पाषाण लागतो, लोणारचं सरोवर ज्यात आहे तोच. त्याला सुरुंगाची भोकं पाडायची तर ट्रॅक्टरवरच्या कॉम्प्रेसरशिवाय इलाज नाही. तो सुरू झाला की शेजारच्या वावरातली म्हैस दूध चोरते. त्या मानानं आमचा लाल रंगाचा, दोन चाकांचा ऐवज पाहून आबा म्हणाले, “हा कॉम्प्रेसर व्हय? ह्याच्यानं विहीर खंदाची का दात कोराचे?”

मी बटण दाबलं. काटा हळूहळू आठ बारवर जाऊन थांबला आणि मोटर आपोआप बंद झाली. आठ बार म्हणजे साधारण 116 पाऊंड, ट्रकच्या टायरात मारतात जवळपास तेवढी हवा. हे कळल्यावर आबांनी टाकीवरून हात फिरवला. घरात नवा बैल आला की फिरवतात, तसाच. तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं की रंगाच्या गनला एवढी हवा चालत नाही, दोन-अडीच बारच लागते. रेग्युलेटर बसवावा लागेल.

“म्हंजे हवा कमी कराचं यंत्र?”

“हो.”

“आठ आनले कोनी? तू. आता सहा कमी कराले पैसे देते कोन? तूच. मंग दोनचाच आनाचा होता ना बाप्पा!”

यावर विज्ञानानं उत्तर द्यावं म्हणून मी थेट जर्मनीत गेलो. माग्देबुर्ग नावाच्या शहरात ओटो फोन गेरिके हे एक गृहस्थ होते. ते त्या शहराचे नगराध्यक्ष, तरी हवेत रस असलेले. त्यांनी तांब्याच्या दोन अर्ध्या गोलांची तोंडं एकमेकांना चिकटवली आणि आतली हवा पंपानं काढून घेतली. 1657 साली एका बाजूला आठ आणि दुसऱ्या बाजूला आठ घोडे जुंपले, तरी गोल सुटेनात. बाहेरून दाबत होती ती आपलीच रोजची हवा, तिचा दाब जेमतेम एक बार. तेव्हा दोन बार म्हणजे काही थोडंथोडकं नाही, असं मला म्हणायचं होतं. पण आबा घोड्यांपाशीच थांबले. “आपल्याकडच्या शंकरपटाच्या जोड्या लावून पाहाले पाह्यजे होत्या,” असं त्यांचं मत पडलं. शंकरपटाला सुप्रीम कोर्टानं 18 मे 2023 ला परवानगी दिल्यापासून जगातला कुठलाही प्रश्न त्यांना खिल्लारी जोडीनं सुटण्यासारखा वाटतो.

वाद मिटवला आईनं, तोही स्वयंपाकघरातून बाहेर न येता. “कमी कराचं यंत्र नसन पाह्यजे तं सिलिंडरावरचा रेग्युलेटर काडा, अन् नळी थेट शेगडीले लावा. मी जाते माहेरी.” सिलिंडरातला कित्येक बारांचा गॅस तो छोटा डबा सुमारे 30 मिलिबारवर आणून शेगडीला देतो आणि तेवढ्यावर भाकरी भाजते. हे यंत्र इतकी वर्षं आमच्या घरात होतं आणि त्याबद्दल कोणी ब्र काढला नव्हता. आबांनी टोपी झटकली आणि ते ओसरीवर गेले. परवानगीचा आमच्याकडचा नमुना हाच आहे.

रिसोडच्या दुकानात रेग्युलेटर मागितल्यावर काउंटरवर आधी पंख्याचा आला, मग गॅसचा. हवेचा म्हटल्यावर दुकानदारानं माळ्यावरचा खोका काढला आणि विचारलं, “कोणत्या कंपनीचा देऊ?” माझ्या मते या धंद्यातला हा सगळ्यात निरुपयोगी प्रश्न. खरा प्रश्न असतो, “कशासाठी पाहिजे?” नुसत्या टायरात हवा भरायची तर एक, रंग मारायचा तर दुसरा. दहा बारपर्यंतचं डायल घेतलं की दोन बारवर काटा कोपऱ्यात दबून बसतो, आणि मूठ जराशी हलली की तो कुठच्या कुठं जातो. चार बारपर्यंतची स्प्रिंग असली की मूठ हातात राहते. मात्र टाकीकडून येणारे आठ बार त्याच्या अंगाला सोसले पाहिजेत, तो आकडा वेगळा छापलेला असतो आणि तो आधी वाचायचा. आटे दोन सुताचे, म्हणजे पाव इंची. आमच्या टाकीच्या तोंडाचे चार सुती, तेव्हा मध्ये एक बुश. “नर पाह्यजे का मादी?” असं दुकानदारानं पोऱ्याला एवढ्या जोरात विचारलं की शेजारी बियाण्याच्या पिशव्या पाहणाऱ्या दोन बाया उठून गेल्या.

दुकानदाराचा जीव तीन डब्यांच्या जोडावर होता: पाणी गाळणारा, दाब धरणारा आणि तेल सोडणारा. पहिले दोन मी घेतले. श्रावणातली हवा दाबली की तिच्यातलं पाणी टाकीत उतरतं, आणि तेच पाणी गनमधून ट्रॉलीवर गेलं तर रंगाला फोड येतात. तिसरा डबा हवेवर चालणाऱ्या पान्यांसाठी आणि ग्राइंडरसाठी ठीक. रंगात तेलाचा थेंब गेला की पत्र्यावर माशांचे डोळे उमटतात. हे सांगितल्यावर दुकानदार म्हणाला, “घेऊन ठेवा ना भाऊ, सेट फुल्ल होते.”

रेग्युलेटरच्या पोटात काय असतं ते एकदा उघडून पाहावं. एक रबरी पडदा, वर स्प्रिंग, खाली छोटीशी झडप. मूठ उजवीकडं फिरवली की स्प्रिंग दबते, ती पडद्याला रेटते, पडदा झडप उघडतो, हवा पुढं जाते. पुढचा दाब वाढत वाढत स्प्रिंगच्या जोराला भिडला की तोच पडद्याला वर ढकलतो आणि झडप मिटते. मागं टाकीत आठ आहेत की सहा, याची पडदा फारशी फिकीर करत नाही. पुढं किती पोचलं तेवढंच तो पाहतो. (असा एखादा पडदा सरकारी योजनांनाही बसवता आला असता, पण विषय हवेचा आहे.) आणि हे यंत्र कमीच करू शकतं. “मूठ दहावर नेली तं दहा येतीन ना, काका?” असं पुतण्यानं दहा बारच्या डायलाबद्दल विचारलं होतं. टाकीतच आठ असतील तर दहा येणार कुठून? तो म्हणाला, “मंग दहा लिवते कायले?”

जोडणीच्या दिवशी अंगणात सल्लागार जमले. आमच्याकडं पान्याला हात लागल्याचा आवाज चार घरं ओलांडून जातो. पहिली सूचना आली ती अशी की सेफ्टी व्हॉल्व्ह काढून त्याच जागी हे बसवा, आटे तयारच आहेत. तो व्हॉल्व्ह म्हणजे टाकीचा जीव आहे. प्रेशर स्विच अडकला आणि मोटर थांबलीच नाही, तर हवेला बाहेर पडायला तेवढंच एक दार उरतं. त्याला हात लावायचा नाही, तोंड बुजवायचं नाही, ‘फालतू हवा सोडते’ म्हणून आवळायचाही नाही. रेग्युलेटर बसतो टाकीच्या तोटीच्या पुढं, आधी गाळणी आणि मग तो. गाळणीची वाटी खाली लोंबती राहील अशी उभी जोडायची, नाहीतर पाणी साचणार कुठं?

मोटरची पिन काढली, टाकीतली हवा पूर्ण सोडली, खालच्या नळीतून गंजाचं पाणी काढलं. आट्यांवर टेफलॉन टेप गुंडाळली, आटा ज्या दिशेनं आवळला जातो त्याच दिशेनं, आणि पहिला आटा मोकळा सोडून. नाहीतर टेपचा तुकडा आत जाऊन झडपेत अडकतो आणि दोन बारवर लावलेला काटा हळूहळू वर सरकत राहतो. अंगावर बाण कोरलेला असतो, हवा त्या दिशेनं गेली पाहिजे. एका जाणकाराच्या मते तो बाण कंपनीचा शिक्का होता. मी शिक्क्याच्या दिशेनं जोडला. सांध्यांवर साबणाचं पाणी आबांनी स्वतः लावलं, आणि बुशापाशी बुडबुडा दिसताच असे खूश झाले की विहिरीला झरा लागल्यावरही झाले नसते. अर्धा फेरा आवळल्यावर बुडबुडा गेला.

दाब लावायची रीत टायरवाल्यानं शिकवलेली: गनचा घोडा दाबून हवा वाहती ठेवायची आणि मगच मूठ फिरवायची. बंद गनवर दोन लावले तर घोडा दाबताच ते दीडवर येतात. आणि काटा नेहमी खालून वर आणायचा, वरून खाली नाही.

ट्रॉली झकास रंगली. मग खांदमळणीच्या संध्याकाळी पुतण्याच्या डोक्यात आलं की यंदा बैलांची शिंगंही गननंच मारायची. बैल गोठ्याबाहेर आणून बांधला. दाब एक बारवर घ्यायला त्यानं मूठ डावीकडं फिरवली. आमचा रेग्युलेटर जास्तीची हवा बारक्या भोकातून बाहेर टाकणाऱ्या जातीचा. त्यानं एक लांब “फुस्स” केलं. बैलाच्या दृष्टीनं तो नागच. तो खुंट्यासकट गेला तो मारुतीच्या पारापाशीच थांबला. शिंगं शेवटी ब्रशनंच रंगली, आणि पोळ्यात तोरणाखाली आमचा बैल उभा राहिला तेव्हा त्याच्या झुलीपेक्षा त्याच्या पळण्यावरच जास्त चर्चा झाली.

आबांचा हिशेब मात्र अडलेलाच होता. उरलेल्या सहा बारांचं काय होतं? मी सांगितलं की ते कुठं जात नाहीत. पन्नास लिटरच्या टाकीत आठ बार दाबून ठेवले की दोनवर उतरेपर्यंत तिच्यातून सुमारे तीनशे लिटर साधी हवा निघते. तोवर मोटर फिरली नाही तरी चालतं, लाईन गेली तरी चालतं. दोनच बारचा कॉम्प्रेसर घेतला असता तर घोडा दाबताच मोटर सुरू आणि काटा खाली. आबा थोडा वेळ गप्प राहिले. “म्हंजे सोयाबीन घरात ठेवाचं, अन् लागन तसं इकाचं.” एवढं नेमकं तर माझ्या टायरवाल्यानंही सांगितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात पुतण्यानं गाळणीची वाटी थिनरनं धुतली. ती वाटी पॉलिकार्बोनेटची. थिनर लागला की ती पांढरी पडते, तडकते, आणि दाबाखाली असेल तर फुटते. ती फक्त साबणाच्या पाण्यानं धुवायची. आता धातूच्या वाटीची गाळणी आणायला मी रिसोडला निघालो तेव्हा आबांनी किंमत विचारली. मी सांगितली.

“मंग दुकानदाराले म्हनाव, जरा कमी कर. माळाभर यंत्रं हायेत त्याच्यापाशी.”