अधिक-उणे तीन टक्के

चहा घ्या आणि एक सांगा, तुम्हाला आजवर कुठल्या सर्वेक्षणवाल्यानं काही विचारलंय? नाही ना? मलाही नाही. पण 'जनतेला असं वाटतं' ही बातमी मात्र माझ्या माथी मारून नियमित छापली जाते.

चौकशीअंती कळलं, की हे सगळं नियमाला धरून आहे. चिठ्ठ्या टाकून हजार माणसं निवडली, की उत्तर तीन टक्के इकडे-तिकडे. तेही शंभरातल्या 95 वेळा. उरलेल्या पाच वेळांची जबाबदारी कोणाची, याचं परिपत्रक अद्याप निघालेलं नाही. मतदार 97 कोटी असोत की 9 कोटी, हजारच पुरतात. शितावरून भाताची परीक्षा, मान्य. पण दर वेळी शेजारचंच शीत का?

शिवाय ही तीन टक्क्यांची सूट फक्त त्यांना. 41 विरुद्ध 39 झालं की वाहिनीवर 'निर्णायक आघाडी'! त्या दोन टक्क्यांच्या फरकातच साडेपाच टक्क्यांची चूक असू शकते, हे कुणी सांगत नाही. त्याच हजारांतले शंभर तरुण बाजूला काढून 'तरुणाईचा कौल' नावाचा तासभराचा कार्यक्रमही होतो. तिथे चूक दहा टक्क्यांची. मी वीजबिल तीन टक्के कमी भरलं तर चालेल का?

ही चूक निम्मी करायची तर माणसं चौपट लागतात. म्हणून कुणी करत नाही. आणि नुसती माणसं वाढवूनही भागत नाही. 1936 साली अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकानं कौल घ्यायला सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालानं पाठवल्या. वीस लाखांवर परत आल्या. रूझवेल्ट हरणार आणि त्यांच्याविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार, असं जाहीर झालं. प्रत्यक्षात रूझवेल्टनी 48 पैकी 46 राज्यं घेतली. पत्ते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या यादीतले. ऐन मंदीत ज्यांच्या दारात मोटार, त्यांनाच देशाचं मत विचारलेलं. त्यातही उत्तरं आली ती टपाल टाकण्याची हौस असणाऱ्यांची. जॉर्ज गॅलप या दुसऱ्या सर्वेक्षणवाल्यानं त्याहून कितीतरी कमी माणसांत विजेता बरोबर ओळखला.

आता आमची सोसायटी बघा. 64 फ्लॅट. चूक पाच टक्क्यांत ठेवायची तर अख्ख्या देशाला 400 माणसं पुरतात आणि आमच्या 64 घरांतली 55 विचारावी लागतात. हिशेब करून बघा. देशापेक्षा सोसायटी अवघड, हे मला आधीपासून माहीत होतंच. आता शास्त्रीय आधार मिळाला.

तर सेक्रेटरींनी पाणी सोडण्याच्या वेळेचा कौल घेतला. व्हॉट्सअ‍ॅपवर, पहाटे 4.50 ला. पर्याय दोन: पाच किंवा साडेसहा. सहा वाजता मतदान बंद. नऊ जण जागे होते आणि नऊच्या नऊ पाचच्या बाजूनं. फलकावर लागलं, 'सर्वानुमते'.

मी लेखी हरकत घेतली. नमुना सदोष आहे, प्रतिसाद न देणाऱ्यांचा विचार झालेला नाही, सोबत 'लिटररी डायजेस्ट'चा दाखला. सेक्रेटरींनी वाचून विचारलं, "पण काका, तुम्ही मत का नाही दिलंत?" झोपलो होतो, हे कारण इतिवृत्तात घ्यायला ते तयार नाहीत. फेरसर्वेक्षण मात्र मंजूर झालंय. उद्या पहाटे, 4.50 ला.